गुन्हेगाराला शिक्षा हवीच. पण गुन्हेगार कोण, हे ठरवायचे कसे?

गावात चोरी झाली, कोणाच्या लेकीबाळीची छेड निघाली किंवा कुठे खून पडला, की चावडीवर, पानठेल्यावर आणि एस.टी.च्या थांब्यावर एकच भाषा सुरू होते. कोर्टकचेऱ्या कशाला? वकील कशाला? धरा आणि चौकात फाशी द्या! आमचे देऊळघाट त्याला अपवाद नाही आणि बुलढाणा जिल्ह्यातील दुसरे कोणते गावही नसेल. हा संताप खोटा नसतो. ज्याच्या घरात दिवसा चूल पेटते ती हातावरच्या मजुरीने, त्याच्या घरातून दोन मणी जरी चोरीला गेले तरी त्याचे वर्ष बुडते. त्याने चिडू नये असे सांगणारे आम्ही कोण?

पण त्याच वस्तीत दुसरी भाषाही ऐकू येते. रात्री गाडी येते. कोणाचा तरी तरुण पोरगा उचलला जातो. कशासाठी, कोणत्या कलमाखाली, कुठे नेले, काही कळत नाही. पहाटे त्याची आई बुद्धविहाराच्या पायरीवर येऊन बसते आणि विचारते, "पुरावा काय आहे? माझ्या लेकराला असे कसे नेले?" तिचा प्रश्नही खोटा नसतो.

या दोन्ही मागण्या आमच्याच माणसांच्या आहेत. कधी कधी तर एकाच माणसाच्या आहेत. आज जो "गोळ्या घाला" म्हणतो, तोच उद्या "आधी चौकशी करा" म्हणत फिरतो. म्हणून या विषयावर बौद्ध समाजाने शांत डोक्याने विचार करण्याची गरज आहे. गुन्हेगारीला आळा घालणे महत्त्वाचे, की आरोपीला न्याय्य वागणूक मिळणे महत्त्वाचे? दोन्हींत खरोखर वैर आहे काय?

दोन वाटा

हर्बर्ट पॅकर नावाच्या अमेरिकन कायदेपंडिताने १९६४ साली या वादाची फार सोपी मांडणी केली. ते म्हणाले, फौजदारी न्यायाच्या दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेवर गुन्ह्याला आळा घालणे हेच सर्वांत मोठे काम मानले जाते. तिथे न्याययंत्रणा कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यासारखी चालते. पोलिसाने माणूस पट्ट्यावर ठेवला की तो भराभर पुढे सरकतो आणि शेवटी तुरुंगात पडतो. पोलिसावर विश्वास ठेवायचा, वेळ दवडायचा नाही. दुसऱ्या वाटेवर जागोजाग अडथळे ठेवलेले असतात. अटकेचे कारण सांगा, वकील द्या, दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा, साक्षीदार तपासा, कबुलीवर विसंबू नका. प्रत्येक अडथळा पार केल्याशिवाय सरकारला माणसाला शिक्षा करता येत नाही. ही वाट लांब आहे, खर्चाची आहे. पण माणसाकडून चूक होऊ शकते, पोलिसाकडूनही होऊ शकते, हे ती गृहीत धरते.

पहिल्या वाटेचे गुण नाकारण्याचे कारण नाही. खटला वीस वर्षे चालला तर फिर्यादी मरून जातो, साक्षीदार फुटतो आणि गुंड मिशीला पीळ देत गावात हिंडतो. गरिबाला गुंडापासून संरक्षण पाहिजे. श्रीमंताच्या दाराशी पहारेकरी असतो. आमच्या झोपडीला दारही धड नसते. पण सरकत्या पट्ट्यावर प्रथम कोणाला चढविले जाते, हेही आपण पाहिले पाहिजे. ज्याच्याकडे वकील नाही, जामीनदार नाही, ज्याच्यासाठी फोन करणारा पुढारी नाही, त्यालाच. केंद्र सरकारच्या नोंदीनुसार २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर कैदी होते. त्यांतील दर शंभरात सुमारे ७६ जण कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्धच व्हायचा होता. या कच्च्या कैद्यांत सुमारे एक पंचमांश अनुसूचित जातींचे. लोकसंख्येतील आपल्या वाट्यापेक्षा तुरुंगातील आपला वाटा मोठा आहे, हा हिशेब कारकुनी करणाऱ्या आमच्यासारख्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही.

बाबासाहेबांनी काय केले?

हा वाद घटना समितीतही झाला होता. आज ज्याला आपण कलम २१ म्हणतो, त्याच्या मसुद्यात शब्द कोणते घालावेत यावर १९४८ च्या डिसेंबरात मोठी चर्चा झाली. कायद्याने ठरविलेल्या पद्धतीनुसार माणसाचे स्वातंत्र्य हिरावता येईल असे म्हणावे, की ती पद्धत न्याय्य आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाला द्यावा? १३ डिसेंबर १९४८ रोजी प. पू. बाबासाहेब या विषयावर बोलले. इकडे आड तिकडे विहीर अशी ही अवस्था आहे, असा त्यांच्या भाषणाचा भाव होता. बहुमताच्या जोरावर विधिमंडळ जुलमी कायदा करू शकते, हा एक धोका. पाच-सहा न्यायाधीशांनी लोकांच्या प्रतिनिधींचा कायदा आपल्या मतानुसार रद्द करावा, हा दुसरा धोका. त्यांनी दोन्ही बाजू मांडून निर्णय सभागृहावर सोपविला. सभागृहाने सरकारच्या सोयीचे शब्द ठेवले.

बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी एक नवे कलम सभागृहापुढे ठेवले. आधीच्या कलमाने जे गमावले त्याची भरपाई व्हावी, हा त्यामागचा हेतू त्यांनी स्वतःच सांगितला. तेच आजचे कलम २२. अटक झालेल्या माणसाला अटकेचे कारण सांगितले पाहिजे. त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे. त्याला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले पाहिजे. या गोष्टी आधीही फौजदारी कायद्यात होत्या. पण साधा कायदा बदलता येतो. बाबासाहेबांनी त्या संविधानात नेऊन ठेवल्या, म्हणजे कोणत्याही सरकारने उठावे आणि पुसून टाकावे असे होऊ नये.

याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेची तरतूदही आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नवजात राष्ट्राला सुरक्षेची गरज आहे, हे बाबासाहेब जाणून होते. म्हणून त्यांनी सरकारच्या हातात काठी दिली, पण तिच्यावर मुदतीचे आणि सल्लागार मंडळाचे बंधनही घातले. पुढे २५ जानेवारी १९७८ रोजी मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, स्वातंत्र्य हिरावण्याची पद्धत न्याय्य, रास्त आणि वाजवीच असली पाहिजे. घटना समितीत जे दार अर्धवट लोटले गेले होते, ते एकोणतीस वर्षांनी उघडले.

सहा मजुरांची सोळा वर्षे

ही सगळी पुस्तकी चर्चा वाटत असेल तर नाशिकचे प्रकरण डोळ्यांपुढे आणा. ५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ पेरूच्या बागेतील एका झोपडीवर दरोडा पडला. घरातील पाच माणसे ठार झाली, स्त्रियांवर अत्याचार झाले. आई आणि तिचा मुलगा कसेबसे वाचले. ऐकूनच अंगावर काटा यावा असा तो गुन्हा. लोक खवळले, यात नवल नाही. पोलिसांवर दबाव आला.

पोलिसांनी सहा जण पकडले. सहाही जण भटक्या जमातीचे, अत्यंत गरीब मजूर. २००६ साली नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. तीन न्यायालये झाली, तिन्हींनी त्यांना दोषी मानले. चौकात उभे राहून कोणी म्हणाले असते की ही माणसे निर्दोष आहेत, तर लोकांनी त्यालाच मारले असते.

आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने, आपलाच आधीचा निकाल मागे घेऊन नव्याने सुनावणी केल्यावर, सहाही जणांना निर्दोष सोडले. का? तर वाचलेल्या त्या आईने घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जून २००३ रोजी, पोलिसांकडील गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून चार जणांना ओळखले होते. ते चार जण वेगळेच होते! त्यांचा तपासच झाला नाही. हा कागद बाजूला पडला आणि भलतेच सहा जण फासाच्या दोरापर्यंत पोहोचले. त्यांतील एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. तपास न्याय्य झाला नाही, खटलाही न्याय्य चालला नाही, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करण्याचा आदेश राज्य सरकारला दिला.

पाच लाखांत सोळा वर्षे परत येतात काय? आणि दुसरा प्रश्न त्याहून मोठा आहे. त्या आईला तरी न्याय मिळाला काय? तिने ज्यांना ओळखले, त्यांचा माग तेव्हाच काढला गेला असता तर? निर्दोषाला फाशी सुनावली त्या दिवशी खरा गुन्हेगार निर्धास्त झाला. म्हणून आम्ही म्हणतो, आरोपीला मिळणारा न्याय आणि फिर्यादीला मिळणारा न्याय ही एकाच गाडीची दोन चाके आहेत. एक निखळले की दुसरे जागेवर फिरत राहते.

हे सहा जण भटक्या जमातीचे होते, ही गोष्ट योगायोगाची नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मालाच गुन्हा ठरविले. पाळण्यातले मूलही गुन्हेगार! ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याने मुक्त झाल्या; पण पोलीस ठाण्याच्या वहीतून आणि लोकांच्या मनातून त्या मुक्त झाल्या नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगातील जातीनुसार कामाची वाटणी रद्द करावी लागली, यावरून ही जळमटे किती जुनी आणि चिवट आहेत ते कळते. जातीवरून माणूस अपवित्र ठरविणे आणि जातीवरून माणूस चोर ठरविणे, या दोन्हींची मुळे एकाच जमिनीत आहेत. पहिल्याविरुद्ध लढणाऱ्या समाजाने दुसऱ्याला टाळ्या वाजवू नयेत.

सहा डिसेंबरची गोळी

६ डिसेंबर २०१९. आपण सर्व जण महापरिनिर्वाण दिनी बाबासाहेबांना अभिवादन करीत होतो. त्याच पहाटे हैदराबादजवळ एका तरुणीवरील बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातील चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. देशभर मिठाई वाटली गेली, पोलिसांवर फुले उधळली गेली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने चौकशी केली. ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या आणि चारपैकी तिघे अल्पवयीन होते, असा आयोगाचा निष्कर्ष २०२२ साली जाहीर झाला. ते चौघे दोषी होते की नव्हते? आता कोणत्याही न्यायालयाला ते कधीच ठरविता येणार नाही. त्या मुलीच्या आईवडिलांनाही ते कधीच खात्रीने कळणार नाही.

ही सवय एकदा लागली की काठी कोणाकडे वळते, ते परभणीने दाखविले. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी धरपकड केली. त्यात पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्याच्या आईने माघार घेतली नाही. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, पण तिथेही त्या माउलीचीच बाजू टिकली. संविधानासाठी रस्त्यावर आलेला मुलगा गेला आणि त्याच्यासाठी शेवटी कामी आले ते संविधानच. "धरा आणि ठोका" हा कायदा झाला असता तर ही आई कोणत्या दारात गेली असती?

आणि खैरलांजी?

इथे वाचक आम्हाला विचारतील, आणि विचारायलाच पाहिजे: आरोपीचे हक्क, आरोपीचे हक्क असे तुम्ही म्हणता, आणि खैरलांजीच्या आरोपींचे काय?

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुले जमावाने मारली. सुरुवातीचा तपास आणि शवविच्छेदन यांत हेळसांड झाली. लोक रस्त्यावर आले तेव्हा चक्रे हलली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने ती फाशी २५ वर्षांच्या सक्तमजुरीत बदलली. पण अॅट्रॉसिटी कायदा काही लागू झाला नाही. गावातील प्रत्येक पोराला ज्या घटनेतील जात दिसत होती, ती कागदावर उतरली नाही. भैयालाल भोतमांगे २०१७ च्या जानेवारीत हे जग सोडून गेले.

आपल्या समाजाचा अनुभव असा आहे की, आपण आरोपी असलो तर सरकता पट्टा भरधाव धावतो आणि आपण फिर्यादी असलो तर त्याच वाटेवर दगड येऊन पडतात. फिर्याद घ्यायला वेळ, पंचनाम्याला वेळ, जातीचा दाखला आणा, साहेब बाहेर गेले, उद्या या. म्हणून विशेष कायद्याची गरज पडते. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. त्याविरुद्ध उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देश ढवळून निघाला आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील स्त्रीने "माझी संमती नव्हती" असे न्यायालयात सांगितले, तर ते खरे मानूनच पुढे जायचे. जिथे एका बाजूला वर्दी आणि दुसऱ्या बाजूला निराधार मुलगी असते, तिथे दोघांना सारखेच ओझे उचलायला लावणे हा न्याय नव्हे, हे त्या बदलाचे मर्म होते.

अॅट्रॉसिटी कायद्याचेही तसेच आहे. २० मार्च २०१८ रोजी, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या दिवशीच, सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्यातील, कऱ्हाडच्या प्रकरणात निकाल दिला: आधी प्राथमिक चौकशी करा, वरिष्ठांच्या परवानगीशिवाय अटक नको, अटकपूर्व जामिनाचीही वाट मोकळी. २ एप्रिलला भारत बंद झाला, त्यात माणसे मेली. ऑगस्टमध्ये संसदेने १८-अ कलम घालून कायदा पूर्ववत केला. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी १८-अ वैध ठरविले. प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर ही बंदी लागू होणार नाही, हेही त्याच निकालात सांगितले.

आमच्या मते यात विसंगती नाही. पण ती येऊ नये म्हणून आपणच जपले पाहिजे. अटकपूर्व जामीन नाकारणे म्हणजे माणसाला दोषी ठरविणे नव्हे. ज्या गावात आरोपीच्या विहिरीवर फिर्यादी पाणी भरतो आणि त्याच्याच शेतात मजुरीला जातो, तिथे आरोपी मोकळा राहिला तर साक्षीदार दुसऱ्या दिवशी गप्प होतो. कडक तरतूद त्यासाठी आहे. शिक्षा मात्र पुराव्यावरच झाली पाहिजे, आणि आरोपी कितीही माजोरी असला तरी त्यालाही वकील मिळाला पाहिजे. बांधाचे भांडण असेल तर ते बांधाचेच लिहावे. एक खोटी फिर्याद दहा खऱ्या फिर्यादींचे पाय मोडते.

जामीन अडविणाऱ्या सर्वच कायद्यांना मात्र एकाच मापाने मोजता येत नाही. दुबळ्याला बलवानापासून वाचविण्यासाठी केलेला कायदा वेगळा आणि सरकारला टीकाकारापासून वाचविण्यासाठी वापरला जाणारा कायदा वेगळा. खैरलांजीवर पुस्तक लिहिणारे डॉ. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिनी, यूएपीए कायद्याखाली अटकेत गेले आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधान दिनी, जामिनावर बाहेर आले. मधल्या अडीच वर्षांवर काळात खटल्याची सुनावणीही सुरू झाली नव्हती. कायदा कोणाच्या रक्षणासाठी आहे, हा प्रश्न दर वेळी विचारला पाहिजे.

तथागतांचा मार्ग

तथागतांनी या विषयाकडे कसे पाहिले, हे आपल्या घरी मुलाबाळांना सांगण्यासारखे आहे. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात महाविजित राजाची गोष्ट येते. राज्यात दरोडे पडत होते. राजाच्या पुरोहिताने सांगितले, महाराज, फाशी, कैद आणि दंड यांनी हा उपद्रव मिटणार नाही. जे वाचतील ते पुन्हा त्रास देतील. शेतकऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला वेतन द्या. राजाने तसे केले आणि लोक आपापल्या कामाला लागले. चक्कवत्ति सीहनाद सुत्तात याची उलट बाजू आहे. राजाने गरिबांना धन दिले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी आली. चोराचे डोके उडविण्यास सुरुवात झाली, तेव्हा चोरांनीही शस्त्रे उचलली आणि खून वाढले.

भिक्खू संघातील तंटे मिटविण्याचे सात मार्ग विनयात सांगितले आहेत. त्यांतला पहिला संमुख विनय. ज्याच्यावर आरोप आहे तो समोर हजर असल्याशिवाय निर्णय द्यायचा नाही! आरोपीचे म्हणणे ऐकण्याचा हा नियम आपल्याला परदेशातून आणावा लागलेला नाही. आणि अंगुलिमाल तर आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत आहे. राजा पसेनदी त्याला पकडायला सैन्य घेऊन निघाला होता आणि तथागतांनी त्याला माणूस करून दाखविला. पण त्या कथेचा पुढचा भाग आपण विसरतो. भिक्खू झाल्यावरही अंगुलिमालाला लोकांनी दगड मारले, आणि तथागतांनी त्याला ते आपल्या कर्माचे फळ म्हणून सहन करण्यास सांगितले. करुणा म्हणजे कृत्याची जबाबदारी पुसून टाकणे नव्हे.

१९२७ साली महाडला आपल्या लोकांची डोकी फुटली, तेव्हा बाबासाहेबांनी चिडलेल्या आपल्या माणसांना आवरले आणि प्रकरण कायद्याच्या वाटेने नेले. त्यात पाच हल्लेखोरांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. बळ नव्हते म्हणून त्यांनी आवरले असे नाही. जमावाचा न्याय आज आपल्या बाजूचा असला तरी उद्या तो आपल्यावरच उलटतो, हे त्यांना ठाऊक होते.

आपल्या गावात, आपल्या घरात

आता व्यवहाराचे बोलू. २००७ साली राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. भावाभावांचे, बांधाचे, नळाच्या पाण्याचे भांडण गावातच मिटले तर चांगलेच. तारखेच्या दिवशी मजुरी बुडते आणि वकिलाची फी वेगळी. पण बलात्कार, अत्याचार, अॅट्रॉसिटी असे गुन्हे मिटविण्याचा अधिकार कोणत्याही गावसमितीला नाही. "गावाचे नाव खराब होईल, मिटवून घ्या" असे म्हणणाऱ्याला हात जोडून नाही म्हणावे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्यातील आणि संबंधित कायद्यांतील काही गोष्टी घरातील शिकलेल्या मुलीने वहीत लिहून ठेवाव्यात:

१. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचे कारण सांगून परत पाठविता येत नाही. फिर्यादीची प्रत मोफत मिळते. फिर्याद घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे, त्यानंतर दंडाधिकाऱ्याकडे जावे.

२. अटक झाली तर कारण सांगितलेच पाहिजे. ते लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत दिले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली बजावले आहे. घरच्या माणसाला किंवा मित्राला कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

३. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे आवश्यक. तिथे मारहाण झाली असेल तर मुलाने घाबरता स्वतःच्या तोंडाने सांगावे आणि वैद्यकीय तपासणी मागावी.

४. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक प्रसंगी महिला पोलीस आणि दंडाधिकाऱ्याची परवानगी लागते. अठरा वर्षांखालील मुलाला कोठडीत ठेवता येत नाही.

५. पोलिसासमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा होत नाही. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नये.

६. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला, स्त्रीला आणि कोठडीतील माणसाला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आपल्या बुलढाण्यातच आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो.

७. अॅट्रॉसिटीच्या प्रकरणात उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच तपास करायचा असतो. आरोपीच्या जामिनाची सुनावणी असेल तर फिर्यादीला कळविले पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यालाही या कायद्याखाली शिक्षा आहे.

८. पहिल्यांदाच आरोपी झालेला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला असेल, तर तो जामिनावर सुटण्यास पात्र ठरतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले कैदी यांना हे लागू नाही.

लोकांचे अर्ज लिहून देताना आम्ही एक गोष्ट शिकलो. रडून आणि ओरडून जे होत नाही, ते तारीख, वेळ आणि सही असलेल्या एका कागदाने होते. नाशिकच्या सहा जणांनाही शेवटी ७ जून २००३ च्या एका कागदाने वाचविले. तो सोळा वर्षे फायलीत पडून होता. म्हणून प्रत्येक अर्जाची पोचपावती घ्या, प्रत जपून ठेवा.

देऊळघाटातील आणि गावोगावच्या बुद्धविहारांत रविवारच्या वंदनेनंतर एक तास या कायद्यांच्या वाचनासाठी ठेवावा, अशी आमची विनंती आहे. शिकलेल्या मुलामुलींनी पुढे व्हावे. वस्तीतील मुस्लिम, भटके, आदिवासी शेजाऱ्यांनाही बोलवावे. पट्ट्यावर त्यांचीही पोरे चढतात. दारू, जुगार आणि मवालीगिरी आपल्या घरात दिसली तर झाकू नये, कारण गुन्ह्याला पहिला आळा आईबापच घालू शकतात. आणि आपल्या लेकीवर हात टाकणाऱ्याला शिक्षा होईपर्यंत प्रत्येक तारखेला न्यायालयात हजर राहावे, मजुरी बुडाली तरी. वस्तीने वर्गणी काढून ती मजुरी भरून द्यावी.

गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. पण ती त्यालाच झाली पाहिजे, पुराव्याने झाली पाहिजे आणि दिवसाच्या उजेडात झाली पाहिजे. बाबासाहेबांनी कलम २२ लिहिले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कोणी मोठा माणूस नसावा. रात्री गाडीत घातलेला कोणाचा तरी मुलगा आणि पहाटे पायरीवर बसलेली त्याची आई असावी, असे आम्हाला नेहमी वाटते.

जयभीम! नमो बुद्धाय!